पहिल्या प्रश्नातला शब्द

माझी सून नागपूरची. लग्नानंतर पहिल्याच सकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "आई, मी चहा करून राहिले," आणि मी बाहेर वाट बघत बसले, की ही चहा करून आता राहिली कुठं. तेव्हापासून आमच्या घरात खरी मराठी कुणाची यावर वाद आहे. तो मिटलेला नाही आणि मी जिवंत असेपर्यंत मिटणारही नाही. पण त्याच मराठीच्या जोरावर तिनं जे करून दाखवलं, ते मी सांगायला बसले आहे. सासू सुनेचं कौतुक करायला लागली की लोकांना वाटतं, हिचं काहीतरी काम अडलं असेल. वाटू दे.

मी वैजयंता गावडे. चंदगड तालुक्यातल्या नांगरतळच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. आमच्या गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या सपाटीवर एक बांधीव तळं होतं. दिवसा उन्हाची वीज जास्त झाली की तिच्यावर पंप चालवून खालचं पाणी वर चढवायचं आणि रात्री ते खाली सोडून पुन्हा वीज करायची, अशी योजना. "पोरांनो, डोंगर म्हणजे आपली बॅटरी," असं मीच वर्गात शिकवायची. एका दुपारी त्या तळ्याची भिंत फुटली. पायथ्याच्या काजू कारखान्यात तेव्हा बायका काजू सोलत बसल्या होत्या.

माझी धाकटी जाऊ सुमित्रा त्यांतली एक. तिचा मुलगा शुभंकर टेम्पो घेऊन माल न्यायला आला होता. त्यानं आईला पत्र्यावर चढवलं, आणखी दोघींना चढवलं आणि चौथीला आणायला खाली उतरला, तो परत वर आलाच नाही. सुमित्रानं वरून सगळं बघितलं. बघण्याशिवाय तिच्या हातात काही नव्हतं.

तिचा नवरा, म्हणजे माझा दीर, आधीच गेलेला. तेव्हापासून ती आमच्याकडंच राहते. नळ सोडला की ती घराबाहेर पळायची. मला बादली भरायची तर मोरीचं दार लावून भरावी लागायची. कुकरची शिट्टी झाली की खांब धरून उभी राहायची. झोपायला माळ्यावर जायची, पण झोप कसली, नुसती पडून असायची. आम्ही दोघी जावा आयुष्यभर एकमेकींची उणीदुणी काढत जगलो. आता माझ्या आमटीत मीठ जास्त पडलं तरी ती मुकाट खायची, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

त्या काळात नाकात मारायचा एक फवारा निघाला होता. माझी शिकवायची खोड गेलेली नाही, म्हणून नीट सांगते. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. आपण काही आठवतो तेव्हा मेंदू ते बाहेर काढतो आणि परत ठेवताना नव्यानं घट्ट करून ठेवतो. बाहेर असताना ती आठवण काही तास मऊ असते, भिजवलेल्या कणकेसारखी. त्या वेळात फवारा मारला तर आठवण जशीच्या तशी राहते, पण तिला लगडलेली भीती पहिल्यासारखी परत चिकटत नाही. जे झालं ते सगळं आठवतं. फक्त ते आत्ता, या क्षणी, पुन्हा होतंय असं शरीराला वाटत नाही.

ज्याला खरोखर भीतीचा आजार आहे त्याला हे वरदान. ज्याला नाही, त्याची मात्र कामाची भीतीसुद्धा बोथट होते. सुरुवातीला परदेशात डॉक्टरांनी दया येऊन सरसकट फवारे दिले, तर काही माणसं भर रहदारीत न बघता रस्ता ओलांडायला लागली. शिवाय घटनेला दोन वर्षं उलटली की भीतीची मुळं इतकी खोल जातात की फवारा लागू पडत नाही. म्हणून नियम झाला, की मुलाखत घेणाऱ्या यंत्रानं आजार आहे असं सांगितलं तरच फवारा द्यायचा. माणसाला माणसाची दया येते, यंत्राला येत नाही. ते प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं विचारतं, उत्तर ऐकतं आणि गुण देतं.

यंत्र मूळचं इंग्रजी. त्याची मराठी करण्याचं काम पुण्यातल्या ज्या गटाकडं आलं, त्यात माझी सून होती, मानसशास्त्रज्ञ प्रणोती गावडे. यंत्र बाईच्या आवाजात बोलायचं आणि नव्या शेजारणीसारखं सगळं खोदून विचारायचं, म्हणून आमच्या बायकांनी त्याचं नाव चौकशीबाई ठेवलं.

भाषांतर म्हणजे या भाषेतला शब्द उचलून त्या भाषेत ठेवायचा, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. दोघं वेगवेगळं भाषांतर करतात, तिसरा त्यातून एक ठरवतो. मग ज्यानं मूळ इंग्रजी कधी पाहिलेलं नाही असा कुणीतरी त्या मराठीचं परत इंग्रजी करतो. ते मूळच्याशी जुळलं तर ठीक. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या खर्ड्यात पहिलाच प्रश्न होता, "त्या घटनेच्या अवांछित स्मृती आपणास वारंवार येतात का?" प्रणोतीनं तो मला वाचून दाखवला.

"हे काय, ताम्रपटावर कोरायचंय का?" मी म्हटलं. "आमच्या बायका विचारतील, अवांछित हे कुठल्या गावचं आडनाव."

ती हसली आणि पुण्याला जाऊन भांडली. "अवांछित स्मृती" गेल्या, "नकोशा आठवणी" आल्या. साधा, घरातला शब्द. परत केलेल्या इंग्रजीशी तो तंतोतंत जुळला. शहरात अपघातातून वाचलेल्या लोकांवर तपासला तर उत्तम चालला. तिच्या गटात त्या शब्दाचं फार कौतुक झालं. मीही गावात सांगितलं. मला कोण अडवणार होतं?

मग यंत्र आमच्या खोऱ्यात आलं. नुसतं भाषांतर करून भागत नाही, ते खरं निदान करतं का हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी प्रत्येकाची मुलाखत दोनदा. एकदा चौकशीबाई घेणार, एकदा अनुभवी मानसशास्त्रज्ञ, आणि एकाला दुसऱ्याचं उत्तर कळू द्यायचं नाही. मग दोघांचं कितपत जुळतं ते बघायचं. यात एक मेख आहे. डोळे मिटून हो-नाही सांगणाऱ्या दोघांचंही निम्म्या वेळा जुळेलच, नाणं उडवल्यासारखं. म्हणून नशिबानं जुळलेला भाग वजा करतात. उरतो तो खरा आकडा.

आमच्याकडं हा आकडा कसाबसा रेषेच्या वर आला. पंपावरचे कामगार, ड्रायव्हर, पाण्यातून पोहून निघालेल्या बायका, सगळ्यांचं छान जुळलं. ज्यांच्या डोळ्यांदेखत घरचं माणूस गेलं होतं, त्यांचं मात्र जुळेना. मानसशास्त्रज्ञ म्हणत आजार आहे, चौकशीबाई म्हणे नाही. सुमित्राची मुलाखत प्रणोतीला घेता येत नव्हती, नात्यातली म्हणून. मिरजेहून आलेल्या डॉक्टरबाईंनी घेतली. त्या खोलीतून बाहेर आल्या, माझ्याकडं पाणी मागितलं आणि म्हणाल्या, "मावशी, यांना उपचार लवकर मिळायला हवेत." चौकशीबाईनं तिला निरोगी ठरवलं. आठवणी, स्वप्नं, जे म्हणून विचारलं त्याला सुमित्रानं "नाही" म्हणून सांगितलं होतं. पहिल्या गटातल्या एकाही प्रश्नाला होकार नसेल तर निदान होत नाही, असा त्या यंत्राचा नियम.

पुण्याहून गटाचे प्रमुख डॉ. सबनीस आमच्या घरी आले. मी काजूची उसळ केली होती. ती त्यांनी दोनदा मागून घेतली आणि मग कामाचं बोलले.

"आकडा बसतोय, प्रणोती. सही करा. आपण दोघांनी सह्या केल्या की खोऱ्यात फवारा सुरू होतो."

"आणि ज्यांचं माणूस गेलं त्या बायका, सर?"

"पुढच्या आवृत्तीत त्यांच्यासाठी काहीतरी करू."

"पुढची आवृत्ती येईपर्यंत त्यांची दोन वर्षं उलटून जातील."

"आणि आत्ता थांबलात तर सगळ्यांचीच उलटतील," सबनीस म्हणाले. "थोड्यांसाठी तुम्ही पुष्कळांना पणाला लावताय. मला आवडतंय का हे? पण काहींना तरी मिळू दे."

ते काही वाईट माणूस नव्हते. चुकीचं बोलले असते तर मी त्यांना दोन शब्द सुनावले असते, पण त्यांचंही बरोबर होतं.

"मला आठवडाभर द्या," प्रणोती म्हणाली. "प्रश्न कुठंतरी चुकतोय. माणसं नाही चुकत."

सबनीस आठवड्याच्या बोलीवर गेले. बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. पिठाच्या गिरणीत एकजण मला ऐकू जाईल असं बोलली, "चुलतसासूसाठी गावाला वेठीला धरलंय म्हणे." मी म्हटलं, "धरलंय तर धरलंय, तुझ्या दळणात खडे टाकले का तिनं?" बाहेर असं बोलले. घरी येऊन मात्र मी प्रणोतीवरच घसरले.

"सरळ आहे की सगळं," मी म्हटलं. "तू सही कर. सुमित्राची मुलाखत पुन्हा लाव. तिला मी पढवते. विचारेल त्याला 'हो' म्हणायचं, विषय संपला. गावालाही औषध, तिलाही औषध."

"तसं नाही करता येत, आई."

"का? यंत्राची एवढी काळजी, आणि घरातल्या माणसाची नाही?"

"काकूंना तुम्ही पढवाल. खालच्या वस्तीतल्या पारूबाईंना कोण पढवेल? उद्या दुसऱ्या कुठल्या गावात असं काही झालं, तर तिथल्या बायकांना?"

"तिथं त्यांच्या जावा असतील की."

तिला हसू आलं, आणि त्यानं माझं डोकं जास्तच फिरलं. मी भांडी आपटली. तर ही म्हणते, "आई, तुम्ही कायले भडकून राहिल्या?" भांडताना तिच्या तोंडून नागपूर निघतं. मला जे करायचं होतं ते मी केलंच. लोक म्हणतील, शिक्षक असून कॉपी करायला शिकवत होती. घरात असं माणूस डोळ्यांसमोर झिजताना बघा आणि मग मला शिकवायला या.

दुसऱ्या दिवशी प्रणोती खालच्या वस्तीत गेली. ती गेल्याबरोबर मी सुमित्राला परसात बसवलं, समोर स्टूल घेतलं आणि चौकशीबाईसारखा आवाज काढला.

"त्या घटनेच्या नकोशा आठवणी तुम्हाला पुन्हा पुन्हा येतात का? आता तू 'हो' म्हण."

तिनं तोंड फिरवलं.

"सुमित्रा, हो म्हण. एवढंच तर आहे."

"न्हाई."

"अगं, मी रोज बघते ना तुला. येत नाहीत म्हणतेस?"

"अक्का, म्या व्हय म्हणणार न्हाई."

"पण का?"

मग ती बोलली. तो पूर आल्यापासून ती इतकं सलग कधी बोलली नव्हती.

"नकोशा कुणाला म्हणता तुम्ही? त्यात माझा शुभ्या हाय. चवथी पोरगी झाली म्हणून बानं माझं नाव नकुशा ठेवलं. लगीन होईस्तवर मी नकुशाच हुते. शाळेत हजेरी घेताना माझं नाव आलं की पोरं हसायची. शुभ्या पोटात हुता तवाच मी ठरवलं, पोरगी होऊ दे न्हाईतर पोरगा, माझ्या लेकराला कुणी नकोसं म्हणायचं न्हाई. आणि आता त्याच्या आठवणीला मीच नकोशी म्हणू? आणि व्हय म्हटलं की ते फवारा मारून त्याला काढून टाकणार. नकोशी वस्तू माणूस काढूनच टाकतं की. औषध गेलं खड्ड्यात."

सुमित्राचं माहेर पाटणच्या बाजूचं. मुलींवर मुली झाल्या की तिकडं असली नावं ठेवायचे, म्हणजे पुढची तरी मुलगी होणार नाही म्हणून. आमच्या सासूनं लग्नात तिचं नाव बदलून सुमित्रा केलं. हे मला ठाऊक होतं. पण नकुशा आणि नकोशा, हे दोन शब्द माझ्या डोक्यात कधी शेजारी आलेच नव्हते.

मी वर बघितलं तर मागच्या दारात प्रणोती उभी. पारूबाई घरी नव्हत्या म्हणून ही अर्ध्या वाटेतून परत आली होती. मला वाटलं, आता माझी हजामत होणार. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. ती येऊन सुमित्राच्या समोर जमिनीवर बसली.

"काकू, तो शब्द माझा होता," ती म्हणाली. "तो मी काढून टाकते. मला फक्त एक सांगा. शुभंकरला तुम्ही स्वतःहून कधी बोलावता का? मनात?"

सुमित्रानं तिच्याकडं पारखून बघितलं. "बोलावते की. सांजेचा दिवा लावला की बोलावते. तवा शाळेतला येतो. शर्टाची बटणं वरखाली लावलेला. येतो, जरा बसतो, जातो."

"आणि न बोलावता?"

सुमित्राचा चेहरा उतरला. तिनं पदर बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. प्रणोतीनं घाई केली नाही. मी मध्ये तोंड घालणार होते, तर तिनं हातानंच मला थांबवलं.

"न बोलावता येतो त्यो पाण्यातला," सुमित्रा म्हणाली. "भात कालवताना येतो. केस इंचरताना येतो. तोंड उघडं असतं त्याचं, पण आवाज न्हाई. येऊ नको म्हटलं तरी येतो. आला की जात न्हाई."

मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही. एका घरात राहून, एका ताटात जेवून, तिच्या भातात रोज कोण येऊन बसतं हे मला माहीत नव्हतं.

प्रणोतीचेही डोळे भरले होते, पण तिचा आवाज जागेवर होता. "काकू, तो फवारा आहे ना, तो भीतीवर चालतो. शाळेतला जो येतो त्याला भीती चिकटलेलीच नाही. त्याला औषध हात लावत नाही."

"खात्री देतीस?"

"शंभर टक्के खात्री मी कशाचीच देत नाही. पण आजवर जेवढ्यांना दिलं, त्यांत आपलं माणूस विसरलेलं एकही नाही. पाण्यातलाही तुम्हाला आठवेल. फक्त तो आला की तुमचा जीव घेणार नाही."

"मी इचार करीन," सुमित्रा म्हणाली आणि उठून आत गेली.

त्या दिवसापासून माझ्या सुनेनं जे काम केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती घराघरांत गेली. ज्यांचं माणूस गेलं त्या प्रत्येकीला तिनं आधी जुना प्रश्न विचारला आणि मग विचारलं, "हा ऐकून तुमच्या मनात काय आलं?" पारूबाई म्हणाल्या, "माझ्या धन्याची आठवण नकोशी कशी असंल, बाई?" एकजण तर तिच्या अंगावर धावून आली. कुणाचं नाव नकुशा नव्हतं, तरी राग तोच. पहिलाच प्रश्न जिव्हारी लागला की पुढच्या सगळ्यांना त्या फटाफट "नाही, नाही" म्हणून मोकळ्या होत होत्या. मग प्रणोती नवा प्रश्न विचारायची, "त्या घटनेची आठवण तुम्ही न बोलावता येते का? आली की घालवूनही जात नाही, असं होतं का?" आणि बायका बोलायला लागायच्या.

आता अडचण दुसरीच. नव्या मराठी प्रश्नाचं परत इंग्रजी केलं, तर ते मूळच्याशी जुळेना. मूळ इंग्रजीत आठवण नको असण्याबद्दल विचारलं होतं, हिच्या प्रश्नात आगंतुक आठवण आली. यंत्र बनवणाऱ्या परदेशी संस्थेच्या प्रमुख बाई पडद्यावर आल्या. पांढरे केस, शांत चेहरा. सबनीस पुण्याहून, आणि आमची प्रणोती आमच्याच माजघरातून, मागं तांदळाचं पोतं. इंग्रजी मला चांगलं समजतं. मी दाराशी शेंगा फोडत बसले होते, पण एकही शेंग फोडली नाही.

त्या बाई म्हणाल्या, हा वेगळा प्रश्न झाला. हजारो लोकांवर तपासलेल्या शब्दाला असा धक्का लावता येत नाही.

"धक्का लावू नका," प्रणोती म्हणाली. "पण एक बघा. तुमचा प्रश्न माणसाला आठवणीबद्दल त्याचं मत विचारतो, हवी की नको. अपघातात नुसता स्वतः सापडलेला माणूस सांगेल, नको. पण ज्या आठवणीत आपलं मूल आहे, तिला नको म्हणायला आई तयार होत नाही. तिला आजार नाही म्हणून नव्हे, ती आई आहे म्हणून. आजार मतात नसतो. आठवण कशी येते, त्यात असतो. माझा प्रश्न तेवढंच विचारतो."

पलीकडं त्या बाई काहीतरी लिहून घेऊ लागल्या.

मग सबनीस बोलले. "माझी सही मी रोखून धरतो आहे. आधी हिला हा प्रश्न तपासू द्या. यात मुदत गेली तर त्याची जबाबदारी माझी."

मला त्या माणसाचा आदर वाटला. त्यांनी सही केली असती तर त्यांना कुणी बोल लावला नसता.

त्या बाईंनी परवानगी दिली. मिरजेच्या डॉक्टरबाई परत आल्या, आणखी दोघं आले, आणि शाळेच्या वर्गांत मुलाखती पुन्हा सुरू झाल्या. माणूस गमावलेल्यांचा आकडा सरसर वर चढला. बाकीच्यांचा जिथं होता तिथंच राहिला, खाली आला नाही. प्रणोतीनं आणि सबनीसांनी सह्या केल्या तेव्हा दोन वर्षांची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते. खोऱ्यात ज्यांना ज्यांना आजार होता त्या सगळ्यांसाठी फवारा सुरू झाला. गिरणीतली ती बाई साखर घेऊन आमच्या घरी आली. मी ती घेतली, पण तिला दोन घटका उंबऱ्यावर उभी करून मगच घेतली.

पुढं त्या परदेशी बाईंनी आपल्याकडंही तपासून बघितलं. मूल गमावलेल्या आया तिकडंही पहिल्या प्रश्नाला "नाही" म्हणत होत्या आणि घरी जाऊन जागत होत्या. शेवटी त्यांनी मूळ इंग्रजी प्रश्नच बदलला. आता जगात कुठल्याही भाषेत ते यंत्र न्यायचं तर माझ्या सुनेच्या मराठीवरून बेतलेला प्रश्न न्यावा लागतो. आजवर आपण तिकडून भाषांतर करत आलो, या खेपेला त्यांनी आपल्याकडून केलं. हे मी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. एसटीत शेजारी बसलेल्यालाही सांगते. प्रणोती म्हणते, "आई, पुरे ना." मी म्हणते, "तू तुझं काम कर, मी माझं करते." त्या प्रश्नात नागपूरचं काही नाही, हेही मी तिला अधूनमधून सुनावते.

राहिली सुमित्रा. नव्या प्रश्नाला तिनं "व्हय" म्हटलं होतं, निदानही झालं होतं, पण फवारा घ्यायला ती तयार होईना. पहिला फवारा घ्यायच्या अगदी शेवटच्या दिवशी सकाळी ती माझ्याकडं आली. म्हणाली, "अक्का, त्यो गेला तर?"

मी आयुष्यभर मुलांना सांगत आले, की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं. "मला माहीत नाही," मी म्हटलं. "पण प्रणोतीनं तुला खोटी खात्री दिली नाही. जो खोटी खात्री देत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. आणि मी येते बरोबर."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला ती दुपार पहिल्यापासून आठवायला लावली. पाण्यातला शुभंकर आला तेव्हा तिनं माझा हात असा दाबला की माझ्या बांगड्या वाढल्या. मग नाकात फवारा. असं तीनदा, आठवड्याच्या अंतरानं. त्यानंतर कितीतरी दिवस तिनं मला काहीच सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायची भीती मला वाटत होती.

मग तपासणीची मुलाखत आली. नियमाप्रमाणं खोलीत कुणी नको, पण सुमित्रा अडून बसली, की अक्का आणि प्रणोती आत असतील तरच बोलीन. सबनीसांनी मान्य केलं. वर्गात आम्ही दोघी मागच्या बाकावर, ती पुढं, टेबलावर चौकशीबाई.

"त्या घटनेची आठवण तुम्ही न बोलावता येते का?" चौकशीबाईनं विचारलं. "आली की घालवूनही जात नाही, असं होतं का?"

"येतो कधीमधी," सुमित्रा म्हणाली. "पर जा म्हटलं की जातो आता. धरून बसत न्हाई."

प्रणोतीनं माझा हात धरला. चौकशीबाईनं पुढचा प्रश्न सुरू केला, तोच सुमित्रानं तिला अडवलं.

"थांब, बाई. बोलावल्यावर येतो का, ते इचार की."

यंत्राचे प्रश्न ठरलेले. ते म्हणालं, "माफ करा. हा प्रश्न माझ्याकडे नाही."

"नसू दे. उत्तर माझ्याकडं हाय," सुमित्रा म्हणाली. "बोलावला की येतो."